जन्मजात हृदयदोष : कारण कोणतें आणि दोष कोणाचा?

घरांत मूल जन्माला आलें म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कांहीं ना कांहीं काम येतें. कोणी पेढे आणावयास धांवतो, कोणी बारशाचा दिवस पाहतें, कोणी नांवांची यादी करीत बसतें. परंतु तेंच मूल रडतांना ओठांशीं निळें पडूं लागलें, आणि डॉक्टरांनीं तपासून “याच्या हृदयांत दोष आहे” असें सांगितलें, म्हणजे त्याच घरांत दोन प्रश्न उत्पन्न होतात. पहिला प्रश्न दिवाणखान्यांत उघडपणें विचारला जातो : “आतां पुढें काय करावयाचें?” दुसरा बहुधा स्वयंपाकघरांत आणि हलक्या आवाजांत निघतो : “हें असें झालें तरी कशानें?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर शस्त्रक्रियेच्या शास्त्रानें गेल्या ऐंशी वर्षांत पुष्कळच समाधानकारक दिलें आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र शास्त्रास विचारण्यापूर्वींच घरांतील मंडळी देऊन मोकळी होतात; आणि त्या उत्तरांतील आरोपी आधींच ठरलेली असते. ती म्हणजे बाळाची आई.

तिनें ग्रहण नीट पाळलें नाहीं, वेधांत विळी हातीं धरली, पपई खाल्ली, जिने चढली-उतरली, तिच्या माहेरीं कोणाला तरी असेंच कांहीं होतें, आणि यांतलें कांहींच सांपडलें नाहीं तर पूर्वजन्मींचें संचित आहेच. सुशिक्षित घरांतून हे बोल आतां पूर्वींइतके ऐकूं येत नाहींत हें खरें. परंतु आरोप नाहींसा झाला आहे असें समजूं नये. त्यानें केवळ वेष पालटला आहे. ग्रहणाच्या जागीं मोबाइल आला, विळीच्या जागीं कचेरींतील संगणक आला, पपईच्या जागीं बाहेरचें खाणें आलें. आरोपी मात्र तीच राहिली. याहून वाईट गोष्ट अशी कीं, कोणी कांहीं न बोललें तरी ती आई स्वतःच स्वतःवर हा खटला चालवीत असते. रात्रीं मुलाला पाजतांना ती मागील नऊ महिन्यांचा एकेक दिवस आठवून पाहते. यास्तव या महिन्याच्या सदरांत या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक खुलासा करणें जरूर आहे. ‘जन्मजात हृदयदोष’ हें एका विकाराचें नांव नव्हे. त्यांत अनेक प्रकार येतात. जिवंत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागें सुमारें ८ ते १० मुलांस त्यांपैकीं एखादा असतो. आणि त्यांतील कित्येक दोष इतके सौम्य असतात कीं, पडद्यांतील लहानसें छिद्र कांहीं महिन्यांत आपोआप बुजून जातें. सर्वांचा एकदम विचार करूं गेल्यास कांहींच नीट हातीं लागणार नाहीं. म्हणून आपण एकच विकार नमुन्यादाखल घेऊं. वैद्यकांत त्यास ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ म्हणतात. आपण त्यास ‘फॅलोचें चतुष्टय’ म्हणूं. दर दहा हजार जन्मांमागें साधारण ३ ते ५ मुलांमध्यें तो आढळतो. ‘निळें बाळ’ हा शब्द ज्या मुलांमुळें रूढ झाला, त्यांत याच विकाराचीं मुलें प्रमुख होतीं.

चतुष्टय म्हणण्याचें कारण असें कीं, यांत चार दोष एकत्र येतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र असतें, हा पहिला. उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते, हा दुसरा. सर्व शरीरास रक्त पुरविणारी महारोहिणी डाव्या कप्प्यांतूनच निघावयाची, ती त्या छिद्रावर, म्हणजे दोन्ही कप्प्यांवर, स्वार झालेली असते, हा तिसरा. आणि अरुंद वाटेंतून रक्त ढकलण्याच्या श्रमानें उजव्या कप्प्याची भिंत जाड होते, हा चौथा. परिणाम असा होतो कीं, कांहीं अशुद्ध रक्त फुप्फुसांत जाऊन प्राणवायु घेण्याऐवजीं छिद्रावाटे थेट महारोहिणींत शिरतें. ओठ, जीभ, नखें निळसर दिसतात. कालांतरानें बोटांचीं टोकें फुगीर होतात. उपचार न झालेलें मूल थोडें धांवलें कीं मध्येंच उकिडवें बसतें. त्यास हें कोणी शिकविलेलें नसतें. तसें बसल्यानें पायांकडील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन फुप्फुसाकडे अधिक रक्त वळतें व त्यास बरें वाटतें. असें मूल आळशी आहे म्हणून त्याच्यावर रागावणें हा अन्याय होय. त्यास डॉक्टरकडे नेणें हें कर्तव्य होय.

या रचनेची नोंद डेन्मार्कचा शरीरशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यानें १६७१ च्या सुमारास एका मृत गर्भाचें वर्णन करतांना केलेली आढळते. परंतु तिचा अर्थ लागावयास दोन शतकें लोटावीं लागलीं. १८८८ सालीं फ्रान्समधील मार्सेय शहरचे डॉक्टर आर्थर फॅलो यांनीं निळेपणाच्या रोग्यांचीं शवविच्छेदनें तपासून असें दाखविलें कीं, हा निळेपणा हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील भोक उघडें राहिल्यानें होत नाहीं. त्याच्या मागें हा चार दोषांचा ठराविक समूह असतो. पुढें कॅनडांतील विदुषी डॉ. मॉड ॲबट यांनीं १९२४ मध्यें त्यास ‘चतुष्टय’ हें नांव दिलें.

आतां सुज्ञ वाचकांच्या मनांत येईल कीं, चार निरनिराळे दोष एकाच चिमुकल्या हृदयांत योगायोगानें कसे जमावे? ते योगायोगानें जमत नाहींत. चोहोंचें मूळ एकच आहे, आणि तें समजण्यास हृदय बनतें कसें हें पाहिलें पाहिजे.

गर्भधारणेनंतर सुमारें २२ व्या दिवशीं हृदय स्पंदन पावूं लागतें. त्या वेळीं तें एक साधी नळी असतें. ही नळी लांबते, उजव्या बाजूस वळसा घेते, ठिकठिकाणीं फुगते आणि मग तिच्यांत पडदे उभे राहूं लागतात. हृदयांतून बाहेर पडणारी मोठी रक्तवाहिनीही आरंभीं एकच असते. तिच्या आंत पीळ घेत घेत एक पडदा उतरतो आणि एका वाहिनीच्या दोन होतात : एक महारोहिणी व दुसरी फुप्फुसाकडे जाणारी. फॅलोच्या विकारांत हा पडदा आपल्या जागेपासून किंचित पुढें व वर सरकलेला असतो. एवढी एकच चूक! घर बांधतांना मधली भिंत हातभर सरकली म्हणजे एक खोली अरुंद होते, दुसरी ऐसपैस होते आणि खालच्या भिंतीशीं तिचा सांधा न जुळल्यानें मध्यें फट राहते. तसेंच येथें घडतें. फुप्फुसाची वाट अरुंद झाली, महारोहिणी मोठी होऊन मध्यावर आली, पडदा न जुळल्यानें छिद्र राहिलें, आणि या सर्वांचा भार वाहून उजवी भिंत जाड झाली. हा पडदा उभारण्यास ज्या पेशी लागतात त्यांतील कांहीं दूरवरून, म्हणजे भावी मज्जारज्जूच्या कडेपासून, प्रवास करीत हृदयापर्यंत येतात. १९८३ मध्यें अमेरिकेंतील मार्गारेट कर्बी आणि त्यांचे सहकारी यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर प्रयोग करून दाखविलें कीं, या पेशी आरंभींच काढून टाकल्या तर त्या दोन वाहिन्यांची विभागणी बिघडते.

हें सर्व बांधकाम गर्भधारणेनंतर आठव्या आठवड्याच्या अखेरीस बहुतेक पुरें झालेलें असतें. वाचक भगिनींनीं या एका वाक्यावर क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. आपल्या घरांतून गोड बातमी तिसरा महिना उलटल्यावांचून बाहेर सांगत नाहींत. पाळी चुकली आहे हें त्या स्त्रीच्या ध्यानांत येतें त्याच सुमारास हृदयाची नळी वळूं लागलेली असते. सासूबाईंच्या कानीं बातमी जाते तोंवर पडदे उभे राहिलेले असतात. सातव्या महिन्यांत ओटी भरून डोहाळजेवण होतें, तेव्हां त्या पडद्यांचें काम संपून चार महिने लोटलेले असतात. मग त्यानंतरच्या ग्रहणांत तिनें भाजी चिरली म्हणून पडदा सरकला, किंवा आठव्या महिन्यांत जिना चढली म्हणून छिद्र पडलें, हें कसें संभवेल? आणि आरंभींच्या आठवड्यांविषयीं म्हणाल तर विळी, ग्रहण, पपई किंवा संगणक यांचा हृदयाच्या घडणीशीं संबंध असल्याचा पुरावा मुळींच नाहीं. हृदयदोषाचीं जीं कारणें खरोखर ज्ञात आहेत, तीं यांहून अगदीं निराळीं आहेत. तीं आतां क्रमानें पाहूं.

पहिलें कारण गुणसूत्रांतील बदल. आपल्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. १९५९ मध्यें फ्रान्समधील संशोधकांनीं दाखविलें कीं, डाउन-विकाराच्या मुलांमध्यें २१ वें गुणसूत्र एक अधिक असतें. अशा सुमारें निम्म्या मुलांत हृदयदोष आढळतो. फॅलोच्या चतुष्टयाशीं विशेष निगडित बदल मात्र २२ व्या गुणसूत्रांत असतो. त्याचा एक अतिसूक्ष्म तुकडा गळालेला असतो. हें चतुष्टय असलेल्या दर शंभर मुलांत साधारण १५ मुलांमध्यें ही त्रुटि सांपडते. अशा मुलांस कधीं टाळूचा दोष, कधीं रक्तांत चुन्याची कमतरता, कधीं वारंवार होणारे संसर्ग असाही त्रास असतो. म्हणून केवळ हृदयाची शस्त्रक्रिया करून न थांबतां रक्ताची ही तपासणी करून घेणें इष्ट असतें.

येथें “म्हणजे शेवटीं दोष घराण्याचाच!” असें कोणी म्हणण्याचा संभव आहे, आणि मग तो माहेरचा कीं सासरचा असा वाद सुरू होतो. परंतु ही त्रुटि असलेल्या दहांपैकीं सुमारें नऊ मुलांत ती नव्यानेंच उत्पन्न झालेली असते. आईच्याही रक्तांत ती नसते व बापाच्याही नसते. २०१३ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं गंभीर हृदयदोष असलेल्या ३६२ मुलांचीं आणि त्यांच्या आईबापांचीं जनुकें ताडून पाहिलीं. त्यांतही असाच निष्कर्ष निघाला कीं, अशा दर दहांपैकीं सुमारें एका मुलाच्या विकारांत नव्यानें घडलेल्या जनुकबदलाचा वांटा असतो. कोट्यवधि अक्षरांची पोथी उतरून घेतांना एखादें अक्षर चुकावें, तसा हा प्रकार आहे. त्याकरितां पोथीच्या मालकास शिक्षा करणें योग्य नव्हे.

दुसरें कारण आईस गर्भारपणाच्या आरंभीं होणारे कांहीं विशिष्ट आजार. याचा शोध लागण्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १९४१ मध्यें ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेलीं तान्हीं मुलें एकामागून एक येऊं लागलीं. त्यांनीं आपल्या व सहकाऱ्यांच्या मिळून ७८ मुलांची माहिती जमविली. त्यांपैकीं ६८ मुलांच्या आयांनीं सांगितलें कीं, दिवस राहिल्याच्या सुमारास त्यांना अंगावर पुरळ येणारा साधा ताप, म्हणजे रुबेला किंवा जर्मन गोवर, येऊन गेला होता. त्या मुलांतील बऱ्याच जणांचें हृदयही सदोष होतें. तोंवर गर्भाशय म्हणजे अभेद्य किल्ला आहे अशी वैद्यांची समजूत होती. आयांनीं दिलेल्या माहितीनें ती ढांसळली. रुबेलानें होणारा हृदयदोष बहुधा फॅलोच्या विकाराहून निराळा असतो; जन्मानंतर मिटावयाची एक वाहिनी उघडीच राहते. तरीही हृदयदोषाचें हें एक असें कारण आहे कीं, तें लशीनें जवळजवळ समूळ टाळतां येतें. भारतांत गोवर-रुबेला लशीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्यें सुरू झाली. आरंभींच्या प्रांतांत गोवा होता. महाराष्ट्रांत ती नोव्हेंबर २०१८ मध्यें झाली. ती ९ महिने ते १५ वर्षें वयाच्या मुलांकरितां होती. म्हणजे त्या वेळीं पंधरा वर्षें ओलांडलेल्या पुष्कळ मुली तीतून सुटल्या, आणि त्याच आज नव्या सुना व लेकी आहेत.

आजारांतील दुसरा मधुमेह. गर्भधारणेपूर्वींपासून असलेला व ताब्यांत नसलेला मधुमेह हृदयदोषाचा संभव कित्येक पटींनीं वाढवितो, आणि त्यांत फॅलोचें चतुष्टयही येतें. येथेंही कालगणना विसरूं नये. गर्भारपणाच्या उत्तरार्धांत प्रथमच उद्भवणारी साखर निराळी. तिची काळजी घ्यावीच लागते, परंतु तिच्या आधींच हृदय घडून गेलेलें असतें. आपल्या समाजांत मधुमेह आतां तरुण वयांतच दिसूं लागला आहे, म्हणून हें कारण पूर्वींपेक्षां अधिक महत्त्वाचें झालें आहे.

तिसरें कारण कांहीं औषधें. १९५७ मध्यें जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध विक्रीस आलें. गर्भारपणांतील मळमळीवरही तें दिलें जाई. पुढें हातपाय नसलेलीं मुलें जन्मूं लागलीं. त्यांतील कित्येकांस हृदयदोषही होते. नोव्हेंबर १९६१ मध्यें तें जर्मनींत बाजारांतून काढून घेण्यांत आलें. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या आंत तें घेतलें गेलें असेल तरच हे व्यंग होत, असें नंतर दिसून आलें. कालगणनेचें महत्त्व याहून स्पष्टपणें कोणतें उदाहरण सांगेल? १९४४ मध्यें बाल्टिमोर येथें निळ्या बाळांवरील पहिली शस्त्रक्रिया ज्यांच्या कल्पनेंतून निघाली, त्या डॉ. हेलन टॉसिग १९६२ मध्यें स्वतः जर्मनीस जाऊन हीं मुलें पाहून आल्या आणि त्यांनीं आपल्या देशास सावध केलें. आजच्या औषधांत अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन आणि मनोविकारावरील लिथियम यांविषयीं अशी सावधगिरी लागते. मात्र हें वाचून कोणीही आपलें औषध आपल्याच मनानें बंद करूं नये. अपस्माराचा झटका आई व गर्भ या दोघांनाही घातक ठरूं शकतो. औषध बदलावयाचें तें डॉक्टरांशीं बोलून, आणि दिवस राहण्यापूर्वीं. मद्याचें व्यसनही गर्भाच्या हृदयास बाधक आहे, हें येथें सांगून ठेवितों.

चौथें कारण रक्ताचें जवळचें नातें. आपल्याकडे लग्न जुळवितांना गोत्र काटेकोरपणें पाहतात. परंतु गोत्र हें केवळ पित्याच्या बाजूनें चालतें. रक्त मात्र दोन्हीकडून येतें. मामाच्या मुलीचें गोत्र निराळें, पण तिच्या आणि भाच्याच्या जनुकांपैकीं सरासरीनें एक-अष्टमांश जनुकें समान असतात. देशस्थांच्या कित्येक घराण्यांतून मामेबहिणीशीं विवाह करण्याची रीत होती, आणि दक्षिणेंत तर मामा-भाचीचेही विवाह होत आले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतींत मातेकडून पांच व पित्याकडून सात पिढ्या वर्ज्य केलेल्या आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेंही आईकडून तीन व बापाकडून पांच पिढ्यांची मर्यादा घातली, तथापि जेथें रूढि आहे तेथें मोकळीक ठेविली. अशा विवाहांतून जन्मणारीं बहुसंख्य मुलें निरोगी असतात हें खरें. परंतु जन्मजात दोषांचा, आणि त्यांत हृदयदोषांचा, संभव त्यांत वाढतो हेंही तितकेंच खरें. आणि हें कारण जेथें असेल तेथेंही जबाबदारी कोणाची? विवाह ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांची, कीं बोहल्यावर उभ्या केलेल्या मुलीची?

येणेंप्रमाणें चार कारणें सांगितलीं. परंतु फॅलोच्या विकाराचीं बहुसंख्य मुलें अशीं असतात कीं, त्यांच्या बाबतींत यांपैकीं एकही कारण सांपडत नाहीं. तेथें काय समजावें? शास्त्र असें मानतें कीं, अनेक जनुकांचा थोडाथोडा कल, भोंवतालची परिस्थिति आणि निव्वळ आकस्मिकता यांचा तेथें संगम होतो. आकस्मिकता हा शब्द टाळाटाळीचा वाटेल, पण त्यास आधार आहे. एकाच गर्भांतून झालेलीं, जनुकांनीं एकसारखीं असलेलीं जुळीं मुलें घ्या. एकच आई, एकच आहार, एकच ग्रहण, एकच जिना. तरीही त्यांतील एकास हृदयदोष असला तर बहुधा दुसऱ्याचें हृदय निर्दोष असतें. ज्या बांधकामांत लाखों पेशींनीं ठरल्या दिवशीं ठरल्या जागीं पोंचावयाचें आहे, त्यांत क्वचित् कोठें तरी उशीर व्हावयाचाच. अशा ठिकाणीं कारण शोधणें हें शास्त्राचें काम आहे. अपराधी शोधणें हें मात्र कोणाचेंच काम नव्हे.

वरील विवेचनावरून व्यवहाराचा एक नियम निघतो : काळजी घ्यावयाची ती दिवस राहण्यापूर्वीं. मूल व्हावें असा विचार ज्या दांपत्यानें केला आहे, त्यांनीं त्याच वेळीं डॉक्टरांची भेट घ्यावी. तरुण स्त्रीनें रुबेलाची लस घेतली आहे कीं नाहीं याची चौकशी करावी, आणि घेतली नसल्यास ती दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीं घ्यावी. गर्भारपणांत ही लस देत नाहींत. मधुमेह असल्यास साखर आधीं ताब्यांत आणावी. चालू असलेलें प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवावें. फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी दिवस राहण्यापूर्वींपासून सुरू करावी. तिनें मज्जारज्जूचे व मेंदूचे जन्मजात दोष निश्चित कमी होतात, हृदयाच्या बाबतींत पुरावा तितका भक्कम नसला तरी घेण्यास हरकत कांहींच नाहीं. डोहाळजेवणाचा थाट जितक्या हौसेनें आपण करितों, त्याच्या दशांश लक्ष जर या पूर्वतयारीकडे दिलें, तर पुष्कळ कांहीं साधेल. आणि या तयारींत सुनेइतकाच मुलाचाही वांटा आहे, हें सासूबाईंनीं मुलास सांगावें.

ज्या घरांत असें मूल आधींच आलें आहे, तेथें पुढचा प्रश्न असतो : दुसरें मूल होऊं द्यावें कीं नाहीं? याचें उत्तर भीतीनें न देतां हिशेबानें द्यावें. आईबापांच्या तपासणींत विशेष कारण सांपडलें नाहीं, तर पुढील मुलास हृदयदोष असण्याचा संभव शंभरांत साधारण दोन ते तीन इतका असतो. म्हणजे शंभरांतील सत्त्याण्णव मुलें निर्दोष हृदय घेऊनच येतात. २२ व्या गुणसूत्राची त्रुटि आई किंवा बाप यांपैकीं एकांत असेल, तर मात्र प्रत्येक मुलामागें ती उतरण्याचा संभव निम्मा असतो; म्हणूनच तपासणीचें महत्त्व. पुढील खेपेस साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची ध्वनिलहरींनीं खास तपासणी करितां येते, आणि दोष आढळलाच तर बाळंतपण कोठें करावें हें आधीं ठरवितां येतें. घरांतील नणंदेच्या किंवा धाकट्या जावेच्या लग्नाचा वा अपत्याचा विचार या कारणानें अडवून धरणें याला कांहींही आधार नाहीं.

राहतां राहिला तो मुलाचा प्रश्न. १९५४ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा येथें डॉ. लिलहाय यांनीं फॅलोच्या चतुष्टयाची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली. आज ती बहुधा मुलाच्या पहिल्या वर्षांतच करितात, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं बहुतेक मुलें मोठीं होतात, शिकतात, नोकरी-व्यवसाय करितात, संसार थाटतात. त्यांनीं हृदयतज्ज्ञांकडून आयुष्यभर अधूनमधून तपासून घेणें मात्र अवश्य आहे. ज्यांना खर्च झेपत नाहीं त्यांच्यासाठीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं आपल्या पालघरहूनच झाला, आणि त्यांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयदोषाची तपासणी व पुढील उपचार यांची तरतूद आहे.

असें मूल घरीं असतां त्याला वेळेवर पाजणें, त्याचा निळेपणा ओळखणें, तें निळें पडून घाबरें झालें तर गुडघे छातीशीं दुमडून धरणें व तत्काळ इस्पितळाची वाट धरणें, हें सर्व काम प्रामुख्यानें आईलाच करावें लागतें. त्यास तिचें मन शाबूत असावें लागतें. वडीलधाऱ्या मंडळींपैकीं कोणी तरी तिला जवळ बसवून “यांत तुझें कांहीं चुकलेलें नाहीं” एवढें स्पष्ट शब्दांत सांगावें. मनांत समजून घेऊन गप्प राहूं नये. तें वाक्य शास्त्रदृष्ट्या खरें आहे, आणि ज्या घरांत आज तें बोलून दाखविण्याची गरज आहे, त्या घरांत ते उद्यांवर टाकूं नये.